परिपाठाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत का पोचत नव्हता?

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची ही गोष्ट आहे. पहिली ते सातवी वर्ग, पटावर नव्वदच्या आसपास मुलं, समोर मातीचं मैदान आणि इमारतीच्या पुढे लांबलचक पडवी. सकाळचा परिपाठ मैदानावर होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत आणि प्रार्थना एका छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लागतात. हा स्पीकर एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेला, १० वॉटचा, हातात मावेल एवढा. मी तालुक्याला अ‍ॅम्प्लिफायर आणि साउंड दुरुस्तीचं काम करतो. मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा ते थोडे अडचणीत होते. "समितीचे अध्यक्ष म्हणतायत चाकांवरचा मोठा ट्रॉली स्पीकर घेऊ. पैसे कसेबसे जमतील, पण ते गेले की वर्षभर दुसरं काही घेता येणार नाही. त्याआधी एकदा येऊन बघून जाता का?"

तक्रारी तीन होत्या. पहिली, मागच्या रांगांना ऐकू येत नाही. मागची मुलं स्पीकर ऐकून गात नव्हती, पुढच्या मुलांचा आवाज ऐकून गात होती, त्यामुळे राष्ट्रगीत मागे अर्धी ओळ उशिरा चालायचं. ५२ सेकंदांच्या गाण्यात एवढी फरफट कानाला फार बोचते. दुसरी, आवाज वाढवायला गेलं की तो फाटतो, विशेषतः प्रार्थनेत तबला सुरू झाला की. तिसरी तक्रार सगळ्यांनी जाता जाता सांगितली: रोज गाणी लावणाऱ्या बाई रजेवर असल्या आणि सरांनी स्वतःच्या फोनवरून लावलं, की तोच स्पीकर एकदम दणका देतो आणि पहिलीची पोरं कानावर हात ठेवतात.

माझ्या लेखी सगळं प्रकरण या तिसऱ्या तक्रारीत होतं. तोच स्पीकर, तेच मैदान, तीच गाणी, आणि फोन बदलला की दणका. म्हणजे स्पीकरमध्ये ताकद होती. ती बाईंच्या फोनवरून वापरली जात नव्हती. ट्रॉली स्पीकर आणला असता तरी ही गोष्ट त्याच्यासोबत तशीच राहिली असती.

म्हणून पहिल्या दिवशी मी काहीच हात लावला नाही. रोज करता तसंच करा, म्हटलं.

बाईंनी ऑफिसात बसून फोनचा आवाज फुल केला. मग ब्लूटूथ चालू केलं, स्पीकरने मोठ्या आवाजात "ब्लूटूथ कनेक्टेड" म्हटलं (हे वाक्य शाळेतल्या सगळ्या मुलांना स्पीकरच्याच सुरात म्हणता येतं), बाईंनी गाणं लावलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. आवाज मरतुकडा. एक मुलगा पळत पुढे आला, त्याने स्पीकरवरचं अधिकचं बटण दाबलं आणि रांगेतून ओरडा झाला, "बाई, गाणं पुढं गेलं!"

"फोनवर फुल केलंय हो," बाई मला म्हणाल्या. "अजून किती करणार?"

त्यांनी फुल केलं होतं हे खरंच होतं. पण काय फुल केलं होतं, हे फोन सांगत नाही. अँड्रॉइड फोन स्वतःच्या स्पीकरचा आवाज वेगळा लक्षात ठेवतो आणि ब्लूटूथवर जोडलेल्या वस्तूचा वेगळा. जोडण्याआधी वाढवलेला आवाज फोनच्या स्वतःच्या स्पीकरचा असतो. ब्लूटूथ जोडलं, की फोन गुपचूप त्या जोडणीच्या जुन्या पातळीवर जातो. बाईंचा फोन उलटून बघितला तर मीडियाची पट्टी निम्म्याच्याही खाली होती. १५ पैकी सहाव्या टप्प्यावर. त्या रोज न चुकता आवाज वाढवत होत्या, फक्त तो वाढत होता दुसरीकडे.

यातच जुन्या फोनांची आणखी एक खोड आहे. गाणं चालू नसताना बाजूचं बटण दाबलं की काही फोनांत रिंगटोनचा आवाज वाढतो, गाण्याचा नाही. अँड्रॉइड ९ पासून हे बटण मूळ सेटिंगमध्ये मीडियाचा आवाज बदलतं, पण शाळेत अजून त्याआधीचे फोन वापरात आहेत. म्हणून मी सगळ्यांना एकच सवय लावायला सांगितली: आधी जोडा, मग गाणं लावा, आणि ते वाजत असताना पडद्यावर पट्टी बघत आवाज वाढवा.

आता ते अधिकचं बटण. छोट्या स्पीकरवर जागा कमी असते म्हणून एका बटणाला दोन कामं दिलेली असतात. काही स्पीकरवर ते पटकन दाबलं की आवाज वाढतो आणि दाबून धरलं की पुढचं गाणं लागतं. काहींवर नेमकं उलटं असतं, आणि शाळेचा स्पीकर त्या उलट्यांपैकी. कोणावर काय हे बटणावर लिहिलेलं नसतं. खोक्यातला कागद केव्हाच गेलेला असतो. पण शोधायला एक मिनिटही लागत नाही, ऑफिसात निवांत दाबून बघायचं. परिपाठ सुरू असताना, नव्वद मुलं सावधानमध्ये उभी असताना हा शोध लावायचा नसतो. दाबून धरल्यावर स्पीकरचा आवाज टप्प्याटप्प्याने वाढला आणि शेवटच्या टप्प्यावर "टुण" असा आवाज आला. बरेच स्पीकर वरची मर्यादा गाठल्याची अशी खूण देतात. हा टुण ऐकू येईपर्यंत स्पीकर पूर्ण उघडलेला नाही, असं समजायला हरकत नाही.

फोन वाढवला, स्पीकर वाढवला, आणि त्या दिवशी आवाज बराच सुधारला. दुसऱ्या दिवशी सरांच्या फोनने लावलं, त्यानंतर परत बाईंच्या, आणि गणित पुन्हा बिघडलं. आदल्या दिवशी लावून ठेवलेली पातळी दुसऱ्या दिवशी सापडेना. इथे थोडं खोलात जावं लागतं.

गाण्याचा आवाज मैदानावर पोचेपर्यंत वाटेत अनेक ठिकाणी कमी-जास्त होऊ शकतो. गावच्या पाण्याच्या लाइनवर टाकीजवळ एक कॉक, वळणावर एक आणि घरातला नळ असतो, त्यातला कुठलाही एक अर्धा बंद असला की शेवटी धार बारीक येते, तसं आहे हे. पहिली जागा म्हणजे गाण्याची फाइल, ती मुळातच हळू रेकॉर्ड झालेली असू शकते. दुसरी, गाणं वाजवणारं अ‍ॅप. तिसरी, फोनची मीडिया पट्टी. चौथी, स्पीकरचा स्वतःचा आवाज. यातली तिसरी आणि चौथी कधी एकमेकींना बांधलेली असतात, कधी सुट्या असतात, आणि शाळेतला सगळा घोळ त्यामुळे होत होता.

ब्लूटूथवर गाणं एका वाटेने जातं आणि बटणांचे हुकूम दुसऱ्या वाटेने. पुढचं गाणं, थांबा, चालू करा, हे हुकूम नेणाऱ्या पद्धतीला एव्हीआरसीपी म्हणतात. तिच्या १.४ आवृत्तीपासून त्यात आवाजाचाही हुकूम आला, त्याचं नाव अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम. फोन आणि स्पीकर दोघांनाही हे जमत असेल तर फोन गाण्याला हात न लावता पूर्ण ताकदीने पाठवतो आणि सोबत ० ते १२७ मधला एक आकडा पाठवतो: आवाज एवढा ठेव. स्पीकर आपला आवाज त्यानुसार लावतो. म्हणजे पट्टी एकच, फोनवरून हलवा नाहीतर स्पीकरवरून. दोघांपैकी कोणा एकाला जरी हे जमत नसलं किंवा ते बंद केलेलं असेल, तर फोन गाणंच बारीक करून पाठवतो, आणि स्पीकर त्या बारीक गाण्यावर स्वतःचा आवाज वेगळा लावतो. मग पट्ट्या दोन होतात आणि एकीला दुसरीची खबर नसते.

दोन्हींतला फरक ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. गाणं चालू ठेवून स्पीकरवरून आवाज वाढवायचा आणि फोनच्या पडद्याकडे बघायचं. पट्टी आपोआप हलली तर दोघं बांधलेले आहेत. नाही हलली तर सुटे. सरांच्या फोनवर पट्टी हलली. बाईंच्या फोनवर ढिम्म.

दोन्ही फोन तसे नवेच होते, मग फरक कशाने? बाईंच्या फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडलेले दिसले. फोनच्या माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की हा मेनू उघडतो, चुकून उघडत नाही. त्यात "डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम" चालू होतं. बाईंनी आठवून सांगितलं, त्यांच्या भाच्याने करून दिलं होतं. त्यांचे कानातले इअरबड पहिल्याच टप्प्यावर इतके मोठे वाजायचे की एसटीत ऐकणं नको व्हायचं. भाच्याने केलं ते बरोबरच होतं. स्वस्त इअरबडांची ही नेहमीची तक्रार असते आणि तिच्यावर हाच उपाय चालतो, कारण पट्ट्या सुट्या झाल्या की दोन्हीकडून हवं तितकं बारीक करता येतं. पण हे सेटिंग एका वस्तूपुरतं नसतं, सगळ्या फोनला लागू होतं. इअरबडसाठी केलेला उपाय शाळेच्या स्पीकरलाही लागला.

आता सगळे धागे जुळतात. सरांचा फोन जोडला की तो स्पीकरला आकडा पाठवायचा, तोही सर्वात वरचा, कारण मैदानावर कमी ऐकू येतं म्हणून सर दर वेळी फुल करायचे. स्पीकर पूर्ण उघडायचा, दणका बसायचा. मग कोणीतरी धावत जाऊन स्पीकरवरून आवाज खाली आणायचं. हा स्पीकर बंद करताना शेवटची पातळी लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या, त्यांचा फोन सहाव्या टप्प्यावरचं बारीक गाणं पाठवायचा आणि स्पीकर आदल्या दिवशीच्या खालच्या पातळीवर असायचा. दोन्ही कॉक अर्धे बंद. दोघा शिक्षकांपैकी कोणाचंही काही चुकलेलं नव्हतं.

बाईंच्या फोनमधलं सेटिंग परत फिरवावं का? मी नको म्हटलं. त्यांचा रोजचा एसटी प्रवास आहे, कान त्यांचे आहेत, आणि शाळेच्या स्पीकरसाठी त्यांनी इअरबडचा त्रास सोसावा हे मला पटलं नाही. शिवाय उद्या तिसऱ्या शिक्षकाचा फोन येईल, त्याचं आणखी काही निराळं निघेल. परिपाठ कोणाच्या खासगी फोनवर अवलंबून असू नये, हे माझं ठाम मत झालं. ऑफिसच्या कपाटात एक जुना अँड्रॉइड फोन पडून होता, काचेला तडा गेलेला पण ब्लूटूथ ठीक. त्यातलं सिम काढलं, परिपाठाच्या फाइली त्यात भरल्या, स्पीकर त्याला जोडला आणि बाकी सगळ्यांच्या फोनमधून स्पीकरची जोडणी काढून टाकली. ती काढणं गरजेचं, नाहीतर स्पीकर चालू होताच आसपासचा ओळखीचा फोन आधी पकडतो आणि मुलं ताटकळत उभी राहतात.

सिम नसल्यामुळे आणखी एक त्रास गेला. पूर्वी परिपाठात फोन वाजला की गाणं बंद पडून मैदानभर रिंगटोन घुमायची. ज्यांना स्वतःचाच फोन वापरावा लागतो त्यांनी ब्लूटूथच्या यादीत त्या स्पीकरच्या नावासमोरच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉल बंद करावेत आणि मीडिया ऑडिओ तेवढा चालू ठेवावा. मग कॉलचं बोलणं स्पीकरवर जात नाही. मेसेजच्या टुणटुणीसाठी डू नॉट डिस्टर्ब.

पातळी कशी लावायची हा पुढचा प्रश्न. पट्ट्या सुट्या असतील तर फोन वर आणि स्पीकर गरजेपुरता, हा क्रम. उलट केलं, फोन बारीक आणि स्पीकर फुल, तर स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर बारीक गाण्यासोबत आतली सळसळही मोठी करतो. बाईंच्या फोनवर दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत "स्स्स" ऐकू यायचं ते यामुळे. पण फोनही अगदी शेवटच्या टप्प्यावर नको, एक-दोन टप्पे खाली बरा. आधीच चढ्या रेकॉर्ड केलेल्या गाण्याला पूर्ण पातळीवर, त्यात फोनमधला सूर कमी-जास्त करणारा इक्वलायझर चालू असेल तर, फोनमध्येच टोकं कापली जातात, आणि तिथे फाटलेला आवाज पुढे कोणी शिवू शकत नाही. जुन्या फोनवर आम्ही १५ पैकी १३ ठेवलं.

बांधलेल्या पट्टीची एक गंमतशीर अडचण सरांनी विचारली: फोनवर एक टप्पा वाढवला तर काहीच फरक नाही, आणि पुढचा वाढवला की एकदम उडी. याचं कारण हिशोबात आहे. फोनचे १५ टप्पे १२७ आकड्यांवर पसरले की एका टप्प्याला साधारण आठ-साडेआठ आकडे येतात. स्पीकरचे स्वतःचे टप्पे त्याहून वेगळ्या संख्येचे असतात. दोन्हींच्या रेघा जुळत नाहीत, म्हणून कधी दोन टप्पे एकाच पायरीवर पडतात, कधी एक पायरी गाळली जाते. बिघाड नव्हे. हवी ती पातळी मिळत नसेल तर स्पीकरच्या बटणावरून लावायची.

फाटण्याबद्दल. तबल्याच्या थापेला आवाज फाटायचा, एकट्या गायिकेच्या आवाजाला नाही. खालच्या सुरांना ड्रायव्हरचा, म्हणजे स्पीकरमधल्या आवाज काढणाऱ्या भागाचा, पडदा खूप पुढे-मागे हलवावा लागतो आणि ताकदही त्यातच जास्त जाते. एवढ्याशा ड्रायव्हरला १०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे अगदी खालच्या सुरांत, फारसं जमतही नाही. स्पीकरवर खालचे सूर वाढवणारं बेस बूस्टचं बटण होतं आणि ते कायम चालू होतं, कारण खोलीत ऐकताना भरदार वाटतं. मैदानावर तोच भरदारपणा ताकद खातो. शब्द कळतात ते साधारण १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्णही ३०००-४००० च्या आसपास असतो. बेस बूस्ट बंद केल्यावर खोलीत आवाज किडकिडीत वाटला, पण मैदानावर प्रार्थनेचा शब्द न् शब्द निघाला आणि फाटणं जवळजवळ थांबलं. उरलेलं थोडं फाटणं बॅटरीचं होतं. लिथियम सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि उतरत जातो. उतरत्या बॅटरीवर मोठी थाप आली की अ‍ॅम्प्लिफायरला पुरेसा दाब मिळत नाही, आणि काही स्पीकर तेव्हा स्वतःहून आवाज खाली आणतात. शाळेत स्पीकर "संपला की" चार्ज व्हायचा. आता तो शाळा सुटताना चार्जिंगला लागतो आणि शिपाई मामा जाताना काढून ठेवतात.

फाइलींचं काम मी घरी नेलं. राष्ट्रगीत चढ्या आवाजात होतं, प्रार्थना कुठल्यातरी सभागृहात लांबून रेकॉर्ड केलेली, राज्यगीत मधलं. त्यामुळे प्रत्येक गाण्याला कोणीतरी बटणाशी खेळायचं. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात तिन्ही फाइलींची सरासरी पातळी सारखी केली आणि खालचे सूर थोडे छाटले. आता पहिल्या गाण्याला लावलेला आवाज शेवटपर्यंत पुरतो.

एवढं झाल्यावरही शेवटच्या रांगेला आवाज बेताचाच होता. मुख्याध्यापक म्हणाले, "म्हणजे वॉट कमीच पडतात ना?" या प्रश्नाला नीट उत्तर देणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण शाळांचे आणि मंडळांचे पैसे याच समजुतीत जातात. १० वॉटचे २० वॉट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो जेमतेम वाढल्यासारखा वाटतो. दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद, १०० वॉट. उलट अंतराचा नियम बघा. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. स्पीकर ऑफिसच्या टेबलावर, रांगा त्याच्यासमोर सरळ मागे जाणाऱ्या. पहिलं मूल २ मीटरवर, शेवटचं १६ मीटरवर. २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६: तीन वेळा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबलचा फरक. पुढच्याला ८० डेसिबल मिळत असतील तर मागच्याला ६२. त्यात टेबल कमरेएवढं, पुढच्या मुलांची डोकी आड येणार, आणि शब्द स्पष्ट करणारे वरचे सूरच आधी अडतात. अशा मांडणीत कितीही मोठा स्पीकर आणला तरी मागच्याला पुरेल एवढा आवाज पुढच्या पहिलीच्या पोरांच्या कानात अठरा डेसिबल जास्तच जाणार.

म्हणून मुलांची मांडणी बदलायची, असं मी सुचवलं. पडवीच्या खांबाला मुलांच्या डोक्यावरून जाईल अशी फळी ठोकली आणि स्पीकर तिच्यावर, मागच्या भिंतीपासून सुटा ठेवला. भिंतीला चिकटवला की खालचे सूर वाढतात आणि आवाज घुमतो. मुलं स्पीकरभोवती अर्धवर्तुळात, पहिली ओळ ४ मीटरवर, शेवटची ८ मीटरवर. पाच ओळींत सगळा पट बसतो. आता सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात लांबच्या मुलात एकदाच दुप्पट अंतर आहे, ६ डेसिबल. आणि सर्वात मागचं मूल १६ वरून ८ मीटरवर आलं, म्हणजे त्याला ६ डेसिबल जास्त मिळाले. तेवढंच ताकद वाढवून मिळवायचं असतं तर ४० वॉटचा स्पीकर लागला असता. पुढच्या मुलांना मात्र आधीपेक्षा कमी दणका बसतो.

खेळाच्या सरांचा याला विरोध होता. रांगेची शिस्त रांगेनेच येते, अर्धवर्तुळात पोरं गप्पा मारतात, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. मी त्यांना मागच्या रांगेत उभं राहून राष्ट्रगीत ऐकायला सांगितलं, जुन्या मांडणीत आणि नव्या. मग त्यांनीच फक्की मारून मैदानावर पाच कमानी आखल्या आणि इयत्तांच्या जागा ठरवल्या. कवायतीला रांगा, परिपाठाला कमानी. टोकाला उभ्या राहणाऱ्या मुलांना आवाज थोडा बोथट येतो, कारण असे स्पीकर वरचे सूर समोर जास्त फेकतात. तिथे मोठ्या इयत्ता ठेवल्या, त्यांना शब्द पाठ असतात.

कानांचा विचार यात सगळ्यांनी करायला हवा. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची पातळी सांगते. परिपाठाची काही मिनिटं त्या मानाने किरकोळ आहेत, पण त्याच स्पीकरवर पुढे दिवसभर नाचाचा सराव चालतो तेव्हा तो पहिल्या ओळीपासून हातभर अंतरावर असतो. आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत शाळांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद आहे, तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. ही तरतूद मुलांच्या शिकण्यासाठी केलेली आहे. शाळेने स्वतः कर्कश व्हावं हे तिला धरून नाही.

स्पीकर आता फळीवर १६ पैकी अकराव्या टप्प्यावर चालतो, टुण यायला बराच वाव आहे. फळीखाली एक कागद चिकटवला आहे: आधी स्पीकर चालू, मग शाळेचा फोन, फोन १३ वर, बटण दाबून धरलं की आवाज, पटकन दाबलं की पुढचं गाणं, बेस बंद. सातवीच्या दोन मुली हे काम बघतात आणि बदलीवर आलेल्या शिक्षकांनाही त्याच दाखवतात. समितीने ट्रॉली स्पीकर पुढे ढकलला. स्नेहसंमेलनाला गावातल्या साउंडवाल्याचा सेट भाड्याने येतो तसाच येईल, तिथे मैदानभर पालक असतात आणि हा छोटा स्पीकर त्या कामाचा नाही. पावसाळ्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. तेव्हा परिपाठ पत्र्याच्या शेडमध्ये होतो, आणि जोराच्या सरीत पत्र्यावरचा पाऊसच इतका मोठा वाजतो की त्यावर मात करेल असा आवाज मुलांच्या कानाजवळ लावणं मला योग्य वाटलं नाही. त्या दिवसांत परिपाठ वर्गावर्गात, स्पीकरशिवाय घ्यायचा असं ठरलं आहे.